चारचौघांत राहून स्वतःचं मत कसं टिकवायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात आयटीत नोकरी करता, लग्नाला तीन वर्षं झालीत. मीटिंगमध्ये सगळे ज्याला हो म्हणतात त्याला तुम्हीही हो म्हणता, मैत्रिणी ज्या सिरीयलला नावं ठेवतात तिला तुम्हीही ठेवता आणि घरी येऊन तीच बघता, आणि आता मिस्टरांच्या मित्रांनी रावेतला एकाच स्कीममध्ये सगळ्यांनी मिळून फ्लॅट घ्यायचं ठरवलंय, तुम्हाला आतून वाटतंय की एवढा हप्ता आपल्याला झेपणार नाही, पण सगळे हॉलमध्ये बसलेले असताना तुम्ही "हो, छानच आहे" म्हणून गेलात. टोकन पुढच्या महिन्यात द्यायचंय. आणि तुम्ही विचारताय की मला कणाच नाहीये का, आणि स्वतःला जपायचं तर या लोकांपासून लांब व्हावं लागेल का.

दोन्हीचं उत्तर नाही असं आहे. पण नुसतं नाही म्हणून भागणार नाही, कारण "लोकांचा विचार करू नकोस, बिनधास्त बोल" हा सल्ला तुम्हाला आतापर्यंत भरपूर जणांनी दिला असणार आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नसणार. मी वीसेक वर्षं समुपदेशन करतेय, हा सल्ला लागू पडलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. तेव्हा जरा मुळापासून सांगते.

अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात एक प्रयोग केला, मानसशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला तो माहीत असतो पण त्यातला महत्त्वाचा भाग सहसा कुणी सांगत नाही. एका खोलीत सात-आठ कॉलेजची मुलं बसवायची, एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्या कार्डावर तीन रेघा, आणि त्या तीनपैकी पहिलीएवढी लांब कुठली ते एकेकाने मोठ्याने सांगायचं. उत्तर अगदी उघड, लहान मूलसुद्धा सांगेल असं. फक्त त्यातला एकच मुलगा खरा, बाकी सगळे आधीच फितवलेले, आणि खऱ्याचा नंबर शेवटी-शेवटी ठेवलेला. पहिल्या दोन फेऱ्या सरळ जायच्या, मग सगळे एकसाथ, शांतपणे, चुकीची रेघ सांगायला लागायचे. अठरापैकी बारा फेऱ्यांमध्ये असं. एकट्याने बसून उत्तर द्यायचं असेल तेव्हा चुकीच्या उत्तरांचं प्रमाण एक टक्कासुद्धा नव्हतं, पण या बारा फेऱ्यांमध्ये साधारण सदतीस टक्के उत्तरं लोकांच्या मागे गेली, आणि चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसत असलेलं सोडून इतरांचं म्हणणं उचललं. पोटापाण्याचा प्रश्न नाही, नात्यातलं कुणी नाही, परत कधी तोंड बघायचं नाही अशा अनोळखी मुलांसमोर हे झालं. तुमच्या हॉलमध्ये तर नवरा होता, त्याचे लहानपणीचे मित्र होते, त्यांच्या बायका होत्या ज्यांच्याबरोबर तुम्हाला पुढची वीस वर्षं दिवाळी काढायचीय! मग कण्याचा प्रश्न कुठे आला?

आता जो भाग सहसा सांगितला जात नाही तो. अ‍ॅशने नंतर प्रत्येकाला बसवून विचारलं की बाबा तू असं उत्तर का दिलंस. जे लोकांच्या मागे गेले त्यांच्यात त्याला तीन प्रकार दिसले. अगदी थोड्यांना खरंच ती चुकीची रेघ बरोबर वाटायला लागली होती. काही जणांना आपलं बरोबर आहे हे पक्कं माहीत होतं, पण वेगळं पडायचं नाही म्हणून त्यांनी तोंडाने दुसरं सांगितलं. आणि सगळ्यात मोठा गट होता तो मधला, ज्यांना रेघ बरोबर दिसत होती पण त्यांनी मनात असा निष्कर्ष काढला की एवढे सगळे म्हणतायत म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय.

तुमच्या तीन उदाहरणांकडे आता याच नजरेने बघा. सिरीयलचं प्रकरण दुसऱ्या प्रकारातलं आहे, तुम्हाला ती आवडते हे तुम्हाला ठाऊक आहे, ग्रुपमध्ये तुम्ही फक्त मान डोलावता. यात काही बिघडत नाही, खरंच सांगते, माणसं एकमेकांबरोबर राहतात तेव्हा एवढं चालायचंच आणि त्यावरून स्वतःला बोल लावत बसू नका. फ्लॅटचं मात्र तसं नाहीये. तुम्ही लिहिलंय, "सगळे एवढे हुशार आहेत, सीए आहे त्यांच्यात एक, मलाच गणित कळत नसेल." हे वाक्य वाचून मला काळजी वाटली. पगार तुमचा, हप्ता तुमचा, आईच्या औषधांना दर महिन्याला किती लागतात हे तुम्हाला माहीत, त्या सीएला नाही. तरी तुम्ही स्वतःच्या आकडेमोडीवरचा विश्वास काढून घेतलात. व्यक्तिमत्त्व झिजतं ते इथे. तोंडदेखलं हो म्हटल्याने तेवढं झिजत नाही, पण हो म्हणता म्हणता आपल्याला काय वाटत होतं हेच आठवेनासं होतं तेव्हा झिजतं, आणि मग चाळिशी-पन्नाशीला माणसं माझ्याकडे येऊन म्हणतात की मॅडम मला नक्की काय हवंय तेच कळत नाही हो.

त्यामुळे पहिलं काम बोलायचं नाहीच आहे, नोंद ठेवायचं आहे. अ‍ॅशच्याच प्रयोगात खऱ्या मुलाला उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायची मुभा दिली की लोकांच्या मागे जाण्याचं प्रमाण एकदम खाली यायचं. याचा आपल्याला सरळ उपयोग करून घेता येतो. कुठल्याही मीटिंगला, घरच्या बैठकीला जायच्या आधी मोबाइलमध्ये दोन ओळी लिहून ठेवायच्या, माझं मत हे आणि त्याचं कारण हे. एवढंच. बैठकीत तुम्ही ते बोलाल किंवा नाही बोलणार, तो पुढचा भाग. पण नंतर मत बदललं तर ते नवी माहिती मिळाली म्हणून बदललं की खोलीतली हवा बघून बदललं हे तुम्हाला त्या दोन ओळींवरून कळतं. १९५५ मध्ये डॉइच आणि जेरार्ड यांनी हाच फरक मांडला, माणूस इतरांच्या मागे जातो ते एक तर त्यांना जास्त माहीत असेल म्हणून, नाहीतर त्यांना आपण आवडावं म्हणून. अनोळखी गावात जिथे ट्रकवाले थांबतात त्या ढाब्यावर जेवणं हा शहाणपणा आहे. तो सोडायला मी कधीच सांगणार नाही. गडबड होते ती आवडावं म्हणून केलेल्या गोष्टीला आपण "त्यांना जास्त कळतं" असं नाव देतो तेव्हा.

आता भीतीबद्दल, कारण तुम्ही लिहिलंय की बोलायचं ठरवलं की छातीत धडधडतं, कान गरम होतात आणि मग वाटतं की आपलंच चुकत असणार. बारकाईने बघा, धडधडीवरून तुम्ही थेट चुकीपर्यंत पोचताय. अ‍ॅशच्या प्रयोगात साधारण पाव लोक एकदाही डगमगले नाहीत. ते सगळे वाघाच्या काळजाचे होते का? नाही. काही होते तसे, ठाम. पण काही जण बसल्या जागी अस्वस्थ होते, त्यांना शंका येत होती, ताण स्पष्ट दिसत होता, आणि तरी त्यांनी बरोबर उत्तर दिलं कारण आपल्याला जे काम दिलंय ते नीट करायचं एवढंच त्यांनी धरून ठेवलं. मला या प्रयोगातली हीच मुलं सगळ्यात जवळची वाटतात. धडधड होत राहते आणि वाक्यही बोलून होतं, दोन्ही एका वेळी होऊ शकतं. भीती जाईल मग मी बोलेन असं म्हणून जे थांबलेत ते थांबलेलेच आहेत.

धडधड कमी करायचीच असेल तर तिचा सराव असतो. आल्बर्ट एलिस, ज्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्या महाराष्ट्रात बऱ्याच समुपदेशकांना चांगली परिचयाची आहे, ते लोकांना मुद्दाम लाज वाटेल अशी पण कुणाला त्रास न होणारी गोष्ट चारचौघांत करायला लावायचे. मी माझ्याकडच्या लोकांना बसमध्ये पुढच्या स्टॉपचं नाव मोठ्याने सांगायला लावते, किंवा दुकानात दहा साड्या बघून एकही न घेता "आवडली नाही, धन्यवाद" म्हणून बाहेर यायला. हसू नका, भल्याभल्यांना घाम फुटतो. आणि मग कळतं की बसमधल्या लोकांनी एकदा मान वर केली आणि परत मोबाइलमध्ये घातली. २००० साली गिलोविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या मुलांना ओशाळवाणं वाटेल असा एका गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं होतं, मुलांना वाटलं निम्म्या लोकांच्या तरी लक्षात आलं असेल, प्रत्यक्षात पाव लोकांनाच आलं होतं. लोक आपल्याकडे बघतात, पण आपल्याला वाटतं त्याच्या निम्म्यानेच.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे आणि मला तुम्हाला मुख्य तीच सांगायचीय. अ‍ॅशने प्रयोगात एक छोटासा बदल केला, फितवलेल्यांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. बाकी सगळे चुकीचंच बोलतायत, फक्त एक जण बरोबर. तेवढ्याने चुकीच्या उत्तरांचं प्रमाण घसरून आधीच्या साधारण पावपट झालं. एका माणसाने! आणि पुढचं ऐका, तो एक जण मध्येच उलटून बहुमताकडे गेला तर खरा मुलगा परत आधीसारखा वाहत जायचा, पण तो काही काम निघालं म्हणून खोलीतून निघून गेला तर मात्र त्याने दिलेलं बळ बऱ्यापैकी मागे राहायचं. नंतर १९७१ मध्ये अ‍ॅलन आणि लेव्हाइन यांनी तर असा साथीदार दिला ज्याचा चष्मा जाडजूड आणि ज्याला नीट दिसत नाही हे खऱ्या मुलाला माहीत, म्हणजे त्याच्या मताला किंमत शून्य, तरीसुद्धा दबाव कमी झाला.

म्हणून मी कुणालाही एकट्याने भिंतीवर डोकं आपटायला सांगत नाही. आधी एक माणूस शोधा. आपल्याकडे थोरांच्या गोष्टी एकट्याने लढल्यासारख्या सांगतात आणि त्याने फार नुकसान होतं, आपल्याला वाटतं स्वतःचं मत असणं म्हणजे आगरकरांसारखी जिवंतपणी प्रेतयात्रा निघणं, आणि ते तर आपल्याला जमणार नाही, मग गप्प बसलेलं बरं. र. धों. कर्वे घ्या. संततिनियमनावर बोलायचे म्हणून विल्सन कॉलेजची प्राध्यापकी गेली, १९२७ पासून १९५३ मध्ये वारले तोपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, खटले झाले, शिव्या तर रोजच्या. याहून एकाकी माणूस कुठला असं वाटेल. पण घरात मालतीबाई त्यांच्या बाजूने ठाम उभ्या होत्या, आणि १९३४ मध्ये अश्लीलतेच्या खटल्यात कोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, मासिक चालू राहिलं.

साथीदाराने नेमकं काय होतं ते एका प्रसंगातून सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. माझ्याकडे येणाऱ्या एक शिक्षिका, नवरा चाळिशीच्या आत गेला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या जावेच्या घरी असायच्या पण स्वयंपाकघरात, तिळगुळाच्या पुड्या बांधत. कुणी त्यांना बाहेर येऊ नका असं म्हटलेलं नव्हतं, फक्त कुणी बोलवायचंही नाही. एका वर्षी जाऊ करंडा घेऊन सरळ आत आली आणि ओट्यापाशीच म्हणाली, "वहिनी, हात पुढे करा." बाहेर आवाज गेला. दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग सगळ्यांत वयस्कर आत्याबाई, जिच्या धाकाने हे सगळं चालत होतं असं घरातल्या प्रत्येकीला वाटायचं, ती उठून आत आली आणि म्हणाली, "अगं मला तर कधीपासून वाटायचं, पण तुम्हालाच चालणार नाही म्हणून मी बोलले नाही." म्हणजे एवढी वर्षं प्रत्येक बाई एकमेकीच्या भीतीने ती रीत पाळत होती आणि ती मनापासून कुणालाच नको होती.

हे फार ठिकाणी असतं. प्रत्येकाला वाटतं की मी एकटाच वेगळा विचार करतोय, बाकीच्यांना हे पटलेलंच आहे, आणि बाकीचेही तसेच गप्प असतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं हे सगळं थांबवायचं म्हणून, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाने मनं एका दिवसात बदलत नाहीत हे मलाही कळतं, पण कुणीतरी मोठ्याने, सगळ्यांसमोर बोललं की बाकीच्यांना आपण एकटे नाही हे कळतं, आणि खूपदा तेवढंच अडलेलं असतं.

लोकांपासून लांब व्हावं का, याबद्दल. नको. मेरिलिन ब्रूअर यांनी १९९१ मध्ये एक मांडणी केली, माणसाला एकाच वेळी दोन्ही हवं असतं, आपलं म्हणावं असं माणसांत सामावणं आणि त्यांच्यात विरघळून न जाणं. एक तोडलं की दुसरं मिळतं असं नाही. सगळं सोडून एकटी राहिलेली माणसं मी बघितलीत, पुढे दोनेक वर्षांत ती पहिल्यापेक्षा जास्त कडक नियमांच्या एखाद्या गटात सापडतात, कारण भूक राहिलेली असते. आणि दुसरं म्हणजे प्रत्येक गोष्टीला उलटं बोलणारा माणूसही गटालाच बांधलेला असतो, सगळे पूर्वेला म्हणाले की हा पश्चिमेला, त्याचं स्वतःचं कुठेच नाही.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते कारण हे उत्तर इतर लोकही वाचतील. सगळ्यांचीच भीती मनातली नसते. ज्यांना मत मांडलं तर मार पडेल, घराबाहेर काढतील, जातपंचायत वाळीत टाकेल, त्यांना "धीराने बोला" म्हणणं हा अन्याय आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, २०१७ पासून तो लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, तो उगाच नाही केलेला. तुम्ही त्या परिस्थितीत असाल तर आधी सुरक्षितता, पैसा, भरवशाचं माणूस आणि कायद्याची मदत, मत मांडायचं त्यानंतर. गप्प राहून वेळ काढणं हीसुद्धा तेव्हा अक्कल असते. तुमच्या पत्रावरून तुमचं तसं दिसत नाही, मिस्टर ऐकून घेणारे आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

मग आता फ्लॅटचं बघू. हॉलमध्ये सगळ्यांसमोर परत विषय काढायचा नाही, तिथे तुम्ही एकट्या पडाल आणि मिस्टरांनाही मित्रांसमोर बाजू घ्यावी लागेल, ती तुमची घेतील याची खात्री नाही. आधी कागदावर आकडे मांडा, दोघांचे पगार, आईची औषधं, गाडीचा हप्ता, मूल व्हायचं असेल तर सुट्टीचे महिने, सगळं. मग निवांत वेळ बघून फक्त दोघंच बसा. आणि सुरुवात "तुझ्या मित्रांमुळे" अशी करू नका, "मी त्या दिवशी छान आहे म्हणाले, पण मला तेव्हाही हप्त्याची भीती वाटत होती, ती तुला सांगायची राहिली" अशी करा. एवढं खरं बोललात तरी अर्धं काम झालं. मला दाट शंका आहे की त्यांच्याही मनात कुठेतरी हीच धाकधूक असेल, पुरुषांना मित्रांमध्ये पैशाची अडचण बोलायला तर आणखीनच जड जातं. नसेल, त्यांना घ्यायचाच असेल, तर निदान दोघांचे आकडे समोरासमोर येतील आणि जे ठरेल ते ठरवलेलं असेल.

त्यातून दोघांचं एक झालं की मित्रांना सांगायचं वाक्य छोटं ठेवा. "आम्ही हिशोब केला, आत्ता आम्हाला जमत नाहीये, तुम्ही घ्या, आम्ही वास्तुशांतीला येतोच." कारणांची रांग लावू नका, प्रत्येक कारणावर समोरचा तोडगा सुचवतो आणि आपण परत अडकतो. "अरे आत्ता नाही घेतला तर कधीच नाही" हे येणारच, त्याला "हो, असू शकेल" एवढंच. पटवायचं नाहीये, कळवायचंय. थोडे दिवस टोमणे येतील, एखादी जण ग्रुपवर गप्प होईल, ते महिन्याभरात निवळतं, आणि बरेचदा त्याच गटातलं एखादं जोडपं हळूच फोन करून विचारतं की तुम्ही नाही कसं म्हणालात हो.

ऑफिसचं त्या मानाने सोपं आहे. मीटिंगमध्ये चौथ्या-पाचव्या नंबरला बोलायची वाट बघू नका, तोपर्यंत हवा ठरलेली असते, पहिल्या दुसऱ्या नंबरलाच बोलून टाका. आणि जमलं तर दुसरं कुणी एकटं पडून वेगळं बोलत असेल तेव्हा "त्याच्या मुद्द्यात तथ्य आहे, जरा ऐकू या" एवढं म्हणत जा, त्याचं पूर्ण पटलं नसलं तरी. टोकनची तारीख जवळ येतेय, तेव्हा आकड्यांचा कागद या शनिवार-रविवारीच करा. बोलणं झालं की काय झालं ते इथे जरूर कळवा, अडलं तर पुढचं बघू.